माल गाडीत बसेल का? ट्रक आणि ट्रेलरची मापं वाचायला शिकताना

वाहतुकीच्या कामात नव्याने आलेल्या माणसासमोर पहिल्या काही दिवसांतच प्रश्न येतो: ही वस्तू कोणत्या गाडीत जाईल? तो गाडीची लांबी, रुंदी आणि उंची शोधतो, वस्तूच्या मापांशी ताडून पाहतो आणि होकार कळवतो. मग गाडी दारात उभी राहते आणि पेटी दरवाज्याच्या चौकटीला चार सेंटिमीटरने अडते.

दोन्ही आकडे बरोबर असूनही असं होतं. गाडीची रुंदी म्हणजे बाहेरच्या पत्र्यापासून पत्र्यापर्यंत, आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, की दरवाज्याच्या चौकटीतली? उंची मोजायची ती रस्त्यापासून की हौद्याच्या तळापासून? त्यामुळे या लेखातली प्रत्येक पायरी एकाच सवयीकडे नेते: आकडा दिसला की तो कुठून कुठपर्यंत मोजला आहे, हे आधी विचारायचं.

पायरी १ : गाडी नेमकी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

इंजिन, केबिन आणि हौदा हे सगळं एकाच चेसिसवर असेल तर तो साधा, अखंड ट्रक. त्याला ‘रिजिड’ म्हणतात. पुढे फक्त ओढणारी गाडी, म्हणजे प्राइम मूव्हर, आणि मागे तिच्या पाठीवर टेकलेला ट्रेलर असेल तर तो सेमी-ट्रेलर. त्याला पुढची चाकं नसतात. त्याच्या पुढच्या भागाचं वजन प्राइम मूव्हरवरच्या गोल, सपाट जोडणीवर येतं. या जोडणीला ‘फिफ्थ व्हील’ आणि तिच्यात अडकणाऱ्या ट्रेलरच्या खुंटीला ‘किंगपिन’ म्हणतात. पुढे आणि मागे दोन्हीकडे स्वतःची चाकं असलेला, दांड्याने ओढला जाणारा ट्रेलर हा तिसरा प्रकार.

हा फरक मापांसाठी महत्त्वाचा आहे. ‘गाडीची लांबी’ विचारल्यावर कुणी फक्त ट्रेलरची लांबी सांगतो, तर कुणी बंपरपासून शेवटच्या दिव्यापर्यंतची. युरोपातला नेहमीचा सेमी-ट्रेलर १३.६ मीटरचा असतो, पण प्राइम मूव्हर जोडल्यावर पूर्ण गाडी १६.५ मीटरपर्यंत जाते. माल बसेल का, हे पहिला आकडा सांगतो. गाडी फाटकातून आत वळेल का, याचं उत्तर दुसऱ्यात आहे.

बॉडीचा प्रकारही इथेच नोंदवून ठेवा: उघडा हौदा, बंद पेटीसारखी बॉडी, बाजूला सरकणाऱ्या ताडपत्रीची कर्टन-साइडर, थंड मालाची रीफर, सपाट फ्लॅटबेड, जमिनीलगतचा लो-बेड, किंवा फक्त कंटेनर ठेवण्यासाठीचा सांगाडा, म्हणजे स्केलेटल ट्रेलर.

पायरी २ : बाहेरची मापं आणि कायद्याच्या मर्यादा

बाहेरची मापं कायदा ठरवतो आणि तो देशागणिक बदलतो. युरोपीय संघात अखंड ट्रकची लांबी १२ मी., सेमी-ट्रेलरसह गाडीची १६.५ मी. आणि ट्रक अधिक दांड्याचा ट्रेलर अशा जोडगाडीची १८.७५ मी. ही सर्वसाधारण मर्यादा आहे. रुंदी २.५५ मी. चालते. जाड इन्सुलेशनच्या भिंती असलेल्या थंड गाड्यांना ५ सेंमी जास्त मिळतात, म्हणजे २.६० मीटर. उंचीची मर्यादा ४ मी. आहे. भारतात रुंदीची मर्यादा २.६ मी. आहे. अमेरिकेत रुंदी १०२ इंच, म्हणजे २.५९ मी. असते आणि तिथला सर्वांत प्रचलित ट्रेलर ५३ फुटांचा, म्हणजे १६.१५ मीटरचा. ऑस्ट्रेलियात ठरावीक दूरच्या मार्गांवर ५३.५ मीटरपर्यंतच्या रोड-ट्रेन, म्हणजे एकामागे एक अनेक ट्रेलर जोडलेल्या गाड्या, धावतात. ब्रिटनमध्ये गाडीच्या उंचीला सरसकट कायदेशीर मर्यादाच नाही. तिथे पुलांची उंची हीच खरी मर्यादा, आणि फलक नसलेल्या पुलाखाली किमान १६ फूट ६ इंच, म्हणजे ५.०३ मी. जागा असावी असं गृहीत धरलं जातं.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. ज्या देशातून, ज्या रस्त्यावरून माल जाणार आहे तिथली आजची मर्यादा दर वेळी पाहून घ्यावी. या मर्यादा बदलतात आणि एकाच देशातल्या वेगवेगळ्या मार्गांवरही निरनिराळ्या असू शकतात.

रुंदीबाबत एक गोष्ट नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही. कायद्यातली रुंदी आरसे वगळून मोजलेली असते. २.५५ मीटरच्या गाडीचे आरसे दोन्ही बाजूंना बाहेर आले की तिला प्रत्यक्षात तीन मीटरच्या जवळपास मोकळी जागा लागते. गोदामाचं फाटक २.८ मीटरचं असेल, तर कागदावर गाडी आत जाते आणि फाटकाशी आल्यावर आरसे मिटावे लागतात.

फूट आणि मीटरच्या गोंधळापासूनही जपा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ट्रकची उंची १३ फूट ६ इंचांपर्यंत चालते. कुणीतरी घाईत ते ‘१३.६ फूट’ असं लिहितो. पण १३ फूट ६ इंच म्हणजे १३.५ फूट, आणि १३.६ फूट म्हणजे १३ फूट ७ इंचांहून थोडं जास्त. इंचभराच्या या फरकाने पुलाखाली छत खरवडू शकतं. त्यात भर म्हणून १३.६ हाच आकडा मीटरमध्ये युरोपीय ट्रेलरची लांबी असतो. आकड्यापुढे एकक लिहिलेलं नसेल तर तो कागद परत पाठवा आणि विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पायरी ३ : आतली मापं, आणि त्याहून महत्त्वाचा दरवाजा

माल आत बसतो, म्हणून आतली मापं लागतात. युरोपातल्या नेहमीच्या कर्टन-साइडर ट्रेलरमध्ये आत साधारण १३.६ मी. लांबी, २.४५ ते २.४८ मी. रुंदी आणि २.६५ ते २.७० मी. उंची मिळते. भिंती जाड झाल्या की आतली जागा घटते. रीफरमध्ये भिंती, छत आणि जमीन या सगळ्यांत इन्सुलेशन असतं. शिवाय थंड हवा फिरायला छताखाली आणि पुढच्या भिंतीशी मोकळी जागा सोडावी लागते. रीफरच्या आतल्या भिंतीवर माल कुठवर रचायचा याची एक रेषा आखलेली असते. तीच त्या गाडीची खरी आतली उंची समजा. रेषेच्या वर माल गेला तर हवेची वाट बुजते आणि मागच्या टोकाचा माल गरम पडतो.

कंटेनरची मापं जगभर सारखी आहेत, त्यामुळे शिकण्याची सुरुवात त्यांच्यापासून करणं सोयीचं. बाहेरून रुंदी ८ फूट, म्हणजे २.४३८ मी. वीस फुटी कंटेनरची बाहेरची लांबी ६.०५८ मी. आणि चाळीस फुटीची १२.१९२ मी. साध्या कंटेनरची बाहेरची उंची २.५९१ मी., तर हाय-क्यूबची, म्हणजे जास्त उंच कंटेनरची, २.८९६ मी. आत मात्र रुंदी सुमारे २.३५ मी. उरते. वीस फुटीत आतली लांबी ५.९ मी. आणि चाळीस फुटीत १२.०३ मी.च्या आसपास. साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मी. आणि हाय-क्यूबची २.७० मी.च्या जवळ असते.

आता दरवाजा. साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मी. असते. आतल्या उंचीपेक्षा ती अकरा सेंमी कमी, कारण दाराच्या वर आडवी जाड पोलादी कड असते. म्हणजे २.३५ मी. उंच पेटी आत उभी राहू शकते, पण आत जाऊ शकत नाही. म्हणून बंद गाडी किंवा कंटेनरचा विचार करताना आधी दार पाहा आणि मग आतली जागा. फोर्कलिफ्टने माल भरायचा असेल तर आणखी थोडं सोडा. पेटी उचलल्याशिवाय पुढे जात नाही आणि उचलली की तिची उंची वाढते. आठ-दहा सेंमी वर मोकळे नसतील तर चालक पेटी घासत आत नेईल.

उघड्या आणि कर्टन-साइडर गाड्यांत अडथळे वेगळ्या जागी असतात. बाजूचे खांब, छताचे आडवे बांध, कोपऱ्यातले जाड पत्रे, जमिनीतून वर आलेले बांधणीचे हुक. काही लहान गाड्यांत चाकांच्या वरचे उंचवटे थेट हौद्यात येतात. अशा ठिकाणी रुंदी दोनदा मोजावी, एकदा उंचवट्यांच्या वर आणि एकदा त्यांच्या मधली. बाजूने भरताना दोन खांबांमधलं अंतर हाच तुमचा दरवाजा असतो.

पायरी ४ : पॅलेटचा हिशोब

माल पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलता येणाऱ्या सपाट चौकटीवर असेल तर काम सोपं होतं, पण पॅलेटचंही माप पक्कं करावं लागतं. युरो-पॅलेट १.२ × ०.८ मी. असतो. १.२ × १.० मीटरचा पॅलेटही सर्वत्र दिसतो. अमेरिकेत ४८ × ४० इंच, म्हणजे साधारण १.२२ × १.०२ मी. हा प्रकार चालतो.

कागदावर १३.६ × २.४५ मीटरचा आयत काढा. युरो-पॅलेट लांबीच्या दिशेने ठेवले तर रुंदीत तीन बसतात: ०.८ × ३ = २.४ मी. प्रत्येक ओळ १.२ मीटरची, म्हणजे अकरा ओळी आणि ३३ पॅलेट. तेच आडवे ठेवले तर रुंदीत दोन बसतात: १.२ × २ = २.४ मी. ओळ ०.८ मीटरची, सतरा ओळी, ३४ पॅलेट. सतरा ओळींना बरोबर १३.६ मीटर लागतात, म्हणून चौतिसावा पॅलेट बसवताना सूतभरही जागा उरत नाही. एखाद्या पॅलेटवरचे खोके दोन सेंमी बाहेर आले असतील, तर तो खाली राहिलाच म्हणून समजा.

हाच हिशोब कंटेनरमध्ये करून पाहा. आतली रुंदी २.३५ मी. आणि तीन पॅलेटना लागतात २.४० मी. फक्त ५ सेंमी कमी पडतात, आणि तेवढ्यामुळे सगळी रचना बदलते. वीस फुटी कंटेनरमध्ये पॅलेट उभे-आडवे मिसळून साधारण ११ युरो-पॅलेट जातात आणि चाळीस फुटीत २४ ते २५. ट्रेलरमध्ये ३३ गेले म्हणून चाळीस फुटीत ३० तरी जातील असा अंदाज बांधून पुढचं ठरवू नका. युरो-पॅलेट नीट बसावेत म्हणून आत थोडे रुंद केलेले खास कंटेनरही बनवले जातात. ते मिळणार असतील तर तसं आधीच स्पष्ट मागून घ्या.

सुटा माल असेल, पूर्ण गाडी भरणार नसेल, तर ‘लोडिंग मीटर’ हे माप कामाला येतं. वस्तूच्या लांबीला रुंदीने गुणा आणि २.४ ने भागा. युरो-पॅलेटचं उत्तर ०.४ येतं, म्हणजे तो गाडीची ०.४ मीटर लांबी अडवतो. यात एकच सावधगिरी हवी. वस्तू १.३ मीटर रुंद असेल आणि तिच्या शेजारच्या जागेत दुसरं काही बसत नसेल, तर ती गाडीची पूर्ण रुंदी अडवते. मग सूत्र सोडा आणि सरळ तिची लांबीच धरा.

पायरी ५ : उंचीचं गणित रस्त्यापासून सुरू करा

गाडीची एकूण उंची म्हणजे मंचाची, म्हणजे माल ठेवायच्या तळाची, रस्त्यापासूनची उंची अधिक मालाची उंची. नवखे पहिली संख्या विसरतात. नेहमीच्या ट्रेलरचा मंच साधारण १.१ ते १.३ मी. वर असतो. ३.१ मीटर उंच यंत्र १.२ मीटरच्या मंचावर ठेवलं की उंची ४.३ मी. होते. ४ मीटरच्या मर्यादेत ते बसत नाही. तेच यंत्र ०.९ मीटरच्या लो-बेडवर ठेवलं तर ४ मी. होतं, म्हणजे अगदी काठावर. यंत्राचा धूर सोडणारा पाइप किंवा वरचा दिवा काढता येतो का, हे अशा वेळी आधी विचारावं. पुष्कळदा तो काढता येतो आणि काम मोकळं होतं.

हाय-क्यूब कंटेनरचंही असंच. २.८९६ मध्ये १.२ मिळवले की ४.०९६ मी. होतात, मर्यादेच्या दहा सेंमी वर. यावरचा तोडगा कंटेनरच्या तळातच असतो. चाळीस फुटी कंटेनरच्या पुढच्या भागात तळाशी साधारण १२ सेंमी खोल एक खाच असते. ‘गूजनेक’ प्रकारच्या स्केलेटल ट्रेलरची मान त्या खाचेत शिरते. त्यामुळे कंटेनर खाली बसतो आणि एकूण उंची ४ मीटरच्या आसपास आणता येते. हाय-क्यूब साध्या सपाट ट्रेलरवर ठेवायचा बेत कुणी सांगितला, तर मंचाची उंची लगेच विचारा.

छापील उंची आणि त्या क्षणाची उंची यांत फरक पडतो. भरलेली गाडी स्प्रिंगवर खाली बसते, रिकामी वर उठते. जड माल उतरवून परतताना त्याच गाडीची बॉडी काही सेंमी उंच झालेली असते. जाताना पुलाखालून गेली म्हणून येताना जाईलच असं नाही. एअर सस्पेन्शनच्या गाडीत चालक उंची वर-खाली करू शकतो, तेव्हा ती प्रवासासाठीच्या पातळीवर आहे ना, हे पाहूनच निघावं. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पुलाखालची जागा तेवढीच घटते आणि फलकावरचा आकडा मात्र जुनाच असू शकतो. कमानीच्या पुलाची उंची मधोमध वेगळी आणि कडेला वेगळी असते.

पूल रस्त्याच्या खोलगट भागावर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. लांब गाडीची पुढची आणि मागची चाकं खळग्याच्या दोन चढांवर असतात आणि मधला भाग रस्त्यापासून वर उचललेला राहतो. चाकांमधलं अंतर १२ मी. आणि खळग्याच्या वळणाची त्रिज्या ३०० मी. असेल, तर मध्यभागी सुमारे ६ सेंमी उंची वाढते. अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, असं हे गणित आहे. उंचवट्यावर याच्या उलट होतं. रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर लो-बेडचं पोट टेकतं ते यामुळेच. मर्यादेच्या काठावरचा उंच माल किंवा खूप खालच्या मंचाची गाडी असेल, तर मार्ग कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेला असावा.

पायरी ६ : वजन, आणि ते पडतं कुठे

मापांच्या लेखात वजन का? कारण गाडी बऱ्याचदा जागेने भरण्याआधी वजनाने भरते. युरोपात पाच आसांच्या (ॲक्सलच्या) गाडीचं एकूण वजन सामान्यतः ४० टन, अमेरिकेच्या आंतरराज्यीय महामार्गांवर ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६.३ टन. यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा जातं. युरोपीय ट्रेलरमध्ये साधारण २४ टन माल आणि ९० घनमीटर जागा मिळते. भागाकार केला तर दर घनमीटरला सुमारे २७० किलो. तुमचा माल याहून हलका असेल तर जागा आधी संपेल, जड असेल तर वजन. आपल्या मालाचा हा एक आकडा काढून ठेवला की गाडी निवडताना अर्धं काम झालेलं असतं.

कंटेनरमध्ये हा मुद्दा आणखी ठळक होतो. वीस फुटी कंटेनरमध्ये ३३ घनमीटर जागा आणि सुमारे २८ टन माल. चाळीस फुटीत जागा दुप्पट, ६७ घनमीटर, पण मालाचं वजन साधारण २६-२७ टनच, कारण एकूण वजनाची मर्यादा बहुधा तीच असते आणि पेटी स्वतः जास्त जड असते. फरशा, पोलाद, दगड असा जड माल वीस फुटीत जातो तो याचसाठी. अर्थात कंटेनरला चालतं ते वजन रस्त्याला चालेलच असं नाही. जी मर्यादा सर्वांत कमी, ती पाळायची. पॅलेटचं वजनही विसरू नका. युरो-पॅलेट साधारण २५ किलोचा, ३३ पॅलेटचे झाले ८२५ किलो.

एकूण वजन बरोबर असूनही गाडी चूक भरलेली असू शकते, कारण प्रत्येक आसाला वेगळी मर्यादा असते. एक उदाहरण सोडवून पाहा. अखंड ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या आसांत ५ मी. अंतर आहे, म्हणजे व्हीलबेस ५ मी. त्यावर ८ टनांचं यंत्र ठेवायचं आहे. यंत्राचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १ मी. पुढे आला, तर पुढच्या आसावर ८ × १ ÷ ५ = १.६ टन आणि मागच्यावर ६.४ टन पडतात. तेच यंत्र मागे सरकवून गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे नेला, तर मागच्या आसावर ८.८ टन पडतात आणि पुढच्या आसावरचं आधीचं वजन ०.८ टनांनी कमी होतं. माल आठ टन, पण मागच्या आसाला आठहून जास्त. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सुटायला लागते. चढावर आणि ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकतं. म्हणून यंत्राच्या कागदात गुरुत्वमध्य दिलेला असेल तर तो पेटीवर खुणेने दाखवून ठेवा. दिलेला नसेल तर ज्या बाजूला इंजिन किंवा मोटर आहे ती बाजू जड समजून चला आणि भरल्यावर प्रत्येक आस वजनकाट्यावर घ्या.

अनेक ठिकाणी माल उतरवणाऱ्या ट्रेलरमध्ये एक धोका लपलेला असतो. पहिल्या ठिकाणी मागचा माल उतरला, गाडी हलकी झाली, सगळ्यांना बरं वाटलं. पण ट्रेलरच्या आसांच्या मागे असलेला माल आतापर्यंत पुढचं टोक वर उचलून धरत होता. तो गेल्यावर किंगपिनवरचा भार वाढतो आणि प्राइम मूव्हरचा मागचा आस मर्यादेबाहेर जाऊ शकतो. माल उतरवण्याचा क्रम ठरवताना प्रत्येक थांब्यानंतरची गाडी डोळ्यांसमोर आणा, पहिलीच नव्हे.

पायरी ७ : गाडी वळेल का?

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतल्या बाजूने जातात. किती आत, हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येतं. पुढची चाकं ११ मी. त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असतील आणि व्हीलबेस ६ मी. असेल, तर मागच्या चाकांची त्रिज्या सुमारे ९.२ मी. येते, म्हणजे १.८ मी. आत. व्हीलबेस ४ मी. असेल तर फरक पाऊण मीटरचा. सेमी-ट्रेलरमध्ये हेच गणित दोनदा करावं लागतं. प्राइम मूव्हरचा व्हीलबेस ३.७ मी. आणि किंगपिनपासून ट्रेलरच्या मधल्या आसापर्यंत ७.७ मी. धरले, तर सलग वर्तुळात फिरताना ट्रेलरची चाकं पुढच्या चाकांच्या चार मीटर आतून जातात. काटकोनी कोपऱ्यावर फरक याहून कमी पडतो, कारण वळण लवकर संपतं. तरी आतल्या कोपऱ्यावरचा खांब किंवा कुंपण गाठायला तेवढा पुरतो.

मागच्या आसापलीकडे निघालेला भाग, म्हणजे मागचा ओव्हरहँग, वळताना उलट बाहेरच्या बाजूला झुकतो. तो फार लांब असू नये म्हणून कायदा मर्यादा घालतो. भारतात ती व्हीलबेसच्या ६० टक्के आहे, म्हणजे ५ मी. व्हीलबेसला ३ मीटर. लांब पाइप मागे बाहेर काढून नेताना हे ध्यानात ठेवा. फाटकातून वळताना पाइपची टोकं शेजारच्या भिंतीकडे झेपावतात. पुढच्या बाजूला ट्रेलरचे कोपरे केबिनच्या मागच्या भिंतीकडे येतात. युरोपात किंगपिनपासून ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर २.०४ मीटरच्या आत ठेवण्याचा नियम आहे. प्राइम मूव्हर एका कंपनीचा आणि ट्रेलर दुसऱ्याचा असेल तर हे अंतर आणि फिफ्थ व्हीलची उंची जुळते का, ते जोडण्याआधी पाहा.

माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेवरही मापं घ्यावी लागतात. धक्क्याची उंची बहुधा १.२ मी.च्या आसपास असते. गाडीचा मंच त्याहून फार खाली किंवा वर असेल तर फोर्कलिफ्ट जाऊ शकत नाही. धक्क्याकडे जाणारा रस्ता उताराचा असेल, तर मागे घेताना बॉडीचा वरचा भाग भिंतीकडे कलतो आणि खालचा रबरी आधार टेकण्याआधीच छत भिंतीला लागतं.

पायरी ८ : माल मर्यादेबाहेर असेल तर

लांबी, रुंदी, उंची किंवा वजन यांपैकी एक जरी मर्यादेबाहेर गेलं तरी परवानगी लागते. भारतात अशा मालाला सगळे ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मापाबाहेरचा माल) म्हणतात. परवानगीच्या अर्जात वस्तूची मापं द्यायची नसतात, भरलेल्या गाडीची द्यायची असतात. बांधणीच्या साखळ्या, लाकडी ठोकळे आणि ताडपत्री धरून सर्वांत बाहेरचा बिंदू मोजा. कारखान्याच्या नकाशावरचं माप बहुधा नागड्या यंत्राचं असतं, पॅकिंग नंतर चढतं. आणि यंत्राचे भाग सुटे करून दोन साध्या गाड्यांत नेता येत असतील, तर तो पर्याय आधी तपासा. परवानगी, सोबतची गाडी आणि ठरावीक वेळांची बंधनं यांपेक्षा तो बहुधा सोपा पडतो.

पायरी ९ : गाडी मागवताना काय लिहून पाठवायचं

‘मोठा ट्रेलर पाठवा’ असं लिहू नका. पॅक केलेल्या प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, त्याच क्रमाने, आणि वजन किलोमध्ये लिहा. एकावर एक रचता येतो का, आडवा करता येतो का, गुरुत्वमध्य कुठे आहे, हे लिहा. माल कुठून भरणार ते सांगा: मागून, बाजूने की क्रेनने वरून. बाजूने भरायचा असेल तर बंद कंटेनर निरुपयोगी, आणि वरून भरायचा असेल तर छत उघडणारी गाडी हवी. दोन्ही टोकांच्या फाटकाची रुंदी आणि उंची, धक्क्याची उंची आणि वळायला असलेली जागा मोजून द्या. शक्य असेल तर टेप लावलेले फोटो जोडा.

मग वाहतूकदाराकडून तुम्हीही पाच आकडे मागा: दरवाज्याची रुंदी आणि उंची, आतली सर्वांत कमी लांबी, मंचाची रिकाम्या गाडीतली उंची, रिकाम्या गाडीचं वजन, आणि पूर्ण गाडीची लांबी. हे आकडे त्याच नंबरच्या गाडीचे हवेत, माहितीपत्रकातल्या नमुन्याचे नकोत, कारण एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या बॉडी बांधल्या जातात. गाडी आल्यावर माल उचलण्याआधी टेप घेऊन दरवाजा आणि मंच स्वतः मोजा. पाच मिनिटं लागतात. आकडा जुळला नाही तर त्या वेळी माल अजून जमिनीवर असतो आणि दुसरी गाडी मागवता येते.